वेस्टवर्ल्ड : प्रेक्षकांनी आधीच ओळखलेली गोष्ट

एचबीओ या अमेरिकन वाहिनीवर २ ऑक्टोबर २०१६ रोजी 'वेस्टवर्ल्ड' ही मालिका सुरू झाली. तिच्या दुसऱ्या भागात विल्यम नावाचा एक सभ्य, काहीसा बुजरा तरुण एका अजब करमणूक उद्यानात येतो. आत जाण्यापूर्वी त्याला टोपी निवडायला सांगतात. तो पांढरी उचलतो. त्याच भागात दुसरीकडे काळ्या पोशाखातला एक म्हातारा लॉरेन्स नावाच्या माणसाला फासावरून सोडवतो आणि त्याच्याच गावात नेऊन त्याच्या बायकोला गोळी घालतो. तरुणाची आणि म्हाताऱ्याची कुठेच गाठ पडत नाही. भाग दाखवला गेल्यावर काही दिवसांतच प्रेक्षकांमध्ये एक तर्क फिरू लागला. हे दोघे भेटत नाहीत, कारण ते दोघे नाहीतच. विल्यम म्हणजे तोच म्हातारा, फक्त तीस वर्षांपूर्वीचा.

४ डिसेंबरला पहिल्या पर्वाचा दहावा आणि अखेरचा भाग लागला, तेव्हा मालिकेने नेमकं हेच उत्तर दिलं. जगभरच्या प्रेक्षकांनी सुमारे आठ आठवडे आधीच ते शोधून काढलं होतं, त्यावर भांडून झालं होतं, पुरावे गोळा करून झाले होते. अशा तर्कांना चाहत्यांच्या जगात 'फॅन थिअरी' म्हणतात. या थिअऱ्या बऱ्याच मालिकांभोवती तयार होतात, पण 'वेस्टवर्ल्ड'च्या बाबतीत त्या मालिकेइतक्याच महत्त्वाच्या ठरल्या. (मालिका अजून न पाहिलेल्यांनी ध्यानात घ्यावं, की पुढे तिची बहुतेक रहस्यं उघड केली आहेत.)

मालिकेची कल्पना जुनी आहे. 'ज्युरासिक पार्क'चे लेखक मायकल क्रायटन यांनी १९७३ मध्ये याच नावाचा चित्रपट लिहिला आणि दिग्दर्शित केला होता. हुबेहूब माणसांसारखे यंत्रमानव असलेलं उद्यान, तिथे मौजेला आलेले श्रीमंत पाहुणे आणि एके दिवशी बिघडणारी यंत्रं. त्यात काळ्या कपड्यांतला बंदूकबाज यंत्रमानव यूल ब्रिनर यांनी रंगवला होता. मालिका घडवणाऱ्या जोनाथन नोलन आणि लिसा जॉय या दांपत्याने ही चौकट घेतली आणि कथेचा केंद्रबिंदू हलवला. चित्रपट पाहुण्यांच्या भीतीची गोष्ट सांगतो, मालिका यंत्रमानवांच्या दुःखाची. उद्यानात त्यांना 'होस्ट' म्हणतात. त्यांना रक्त येतं, रडू येतं, ते प्रेमात पडतात, मारले जातात. मग त्यांना दुरुस्त करतात, त्यांची स्मृती पुसतात, आणि दुसऱ्या दिवशी ते तेच आयुष्य पुन्हा पहिल्यापासून जगू लागतात. डोलोरेस ही शेतकऱ्याची मुलगी रोज सकाळी उठते, रोज स्वीटवॉटर गावात जाते, आणि रोज तिच्या हातून दुधाचा डबा रस्त्यावर पडतो. कोणीतरी तो उचलून देतं. कोण उचलतं, त्यावर तिचा त्या दिवसाचा पुढचा प्रवास ठरतो.

जोनाथन नोलन हे दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन यांचे धाकटे भाऊ. ज्या 'मेमेंटो' चित्रपटाच्या कल्पनेतून आपल्याकडचा 'गजनी' स्फुरला, त्याच्या मुळाशी जोनाथन यांची कथा होती. स्मृती हरवलेला माणूस आणि उलटसुलट लावलेला काळ हा त्यांचा जुना विषय. यंत्रमानवांच्या कथेत तो अधिक खोल गेला.

का, ते पाहण्यासारखं आहे. पडद्यावरचा प्रसंग आजचा की जुना, हे प्रेक्षक नकळत काही खुणांवरून ठरवतो. माणसाचा चेहरा वयाने बदलतो. आठवण धूसर असते, म्हणून चित्रपटातही ती धूसर दाखवतात. माणसाचा दिनक्रम, गाव, कपडे काळाबरोबर बदलतात. होस्टना यातलं काहीच लागू नाही. डोलोरेसचा चेहरा तीस वर्षांत एका सुरकुतीनेही बदललेला नाही. तिचा निळा पोशाख तोच, घर तेच, वाक्यंही तीच. आणि तिला आठवतं तेव्हा ते आठवल्यासारखं वाटत नाही. यंत्राच्या स्मृतीत काहीच विरत नाही, त्यामुळे जुना प्रसंग तिच्यासमोर आत्ता घडत असल्याइतका लख्ख उभा राहतो. आपण कोणत्या काळात आहोत हे तिला कळत नाही, म्हणून प्रेक्षकालाही कळत नाही. दोन काळ एकमेकांत विणण्याची ही युक्ती मानवी पात्रांबरोबर दहा तास टिकलीच नसती.

प्रेक्षकांनी ती कशी उसवली, हा भाग सगळ्यात रंजक आहे. पहिला धागा होता उद्यानाच्या बोधचिन्हाचा. विल्यम येतो तिथे भिंतीवर दिसणारं चिन्ह जुन्या धाटणीचं आहे, आणि नियंत्रण कक्षात, म्हणजे 'आज', दिसतं ते वेगळं. दोन-तीन सेकंदांचं दृश्य थांबवून लोकांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. दुसरा धागा लॉरेन्सचा. पाचव्या भागात काळ्या पोशाखातला म्हातारा त्याला ठार मारतो आणि त्याच भागात थोड्याच वेळाने विल्यमच्या वाटेवर तोच लॉरेन्स 'एल लाझो' या नावाने, दरोडेखोरांचा म्होरक्या म्हणून, धडधाकट भेटतो. होस्ट दुरुस्त होतात हे खरं, पण इतक्या झटपट नवं नाव आणि नवी भूमिका घेऊन? मग अँजेला. विल्यमचं स्वागत करणारी ही होस्ट आठव्या भागात म्हाताऱ्याला रानात भेटते आणि तो तिला ओळखतो. ती कधीच निवृत्त झाली असेल, असा त्याचा समज होता. कोणी म्हणेल, तो तीस वर्षं उद्यानात येतो आहे, तर ओळखणारच. शंकेला जागा होती आणि तिच्यामुळेच वाद रंगत गेला.

निर्णायक पुरावा मात्र पहिल्याच भागात सर्वांसमोर ठेवलेला होता. डोलोरेसच्या वडिलांना शेताच्या मातीत एक फोटो सापडतो. झगमगत्या शहरात उभी असलेली एक तरुणी. होस्टना बाहेरच्या जगातलं काही दिसूच नये अशी त्यांची रचना असते, म्हणून डोलोरेसला त्या फोटोत काहीच विशेष वाटत नाही. वडील मात्र तो बघत बसतात आणि त्यांचं डोकं भ्रमतं. हा फोटो कोणाचा, हे नवव्या भागात कळतं. विल्यमचा होणारा मेहुणा लोगन त्याला आपल्या बहिणीचा, म्हणजे विल्यमच्या वाग्दत्त वधूचा, फोटो देतो. तोच फोटो. विल्यमची सहल 'आज' चालू असेल, तर त्याच्या खिशातला फोटो पहिल्या भागात मातीतून जीर्ण होऊन कसा निघेल? शंकेची जागा इथे संपली.

विल्यमची भूमिका करणाऱ्या जिमी सिम्पसन यांनाही सुरुवातीला काही सांगितलं नव्हतं. रंगभूषाकारांनी आपल्या भुवयांचा आकार बदलायला घेतला तेव्हा संशय आला, असं त्यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं. त्या भुवया काळ्या पोशाखातली भूमिका करणाऱ्या एड हॅरिस यांच्याशी जुळवल्या जात होत्या. म्हणजे अभिनेताही प्रेक्षकासारखाच पुरावे गोळा करत होता.

दुसरी मोठी थिअरी बर्नार्डची. उद्यानाचे संस्थापक रॉबर्ट फोर्ड (अँथनी हॉपकिन्स) यांचा हा विश्वासू सहकारी. शांत, विचारी, मुलाच्या मृत्यूच्या दुःखात बुडालेला. हा स्वतःच होस्ट आहे, असा संशय फार लवकर व्यक्त झाला. सातव्या भागात तो तेरेसा या सहकारी बाईला फोर्डच्या जुन्या घरी नेतो आणि ती त्याला एका दाराविषयी विचारते. दार समोर आहे, प्रेक्षकाला दिसतं आहे, पण बर्नार्ड विचारतो, कोणतं दार? पुढच्या काही मिनिटांत त्याच्यासमोर त्याचाच आराखडा येतो, आणि त्यावरही तो तेच म्हणतो जे डोलोरेस पहिल्या भागात फोटो पाहून म्हणाली होती: मला यात काहीच विशेष दिसत नाही. ज्यांनी हे आधी ओळखलं होतं, त्यांचाही हा प्रसंग पाहताना श्वास अडकला. उत्तर ठाऊक होतं. ते बर्नार्डला ठाऊक नव्हतं, आणि त्याला ते कळताना पाहणं हाच त्या प्रसंगाचा गाभा होता.

थिअरी इथे थांबली नाही. तिसऱ्या भागात फोर्ड बर्नार्डला एक जुना फोटो दाखवतो. त्यात दोन माणसं दिसतात आणि बाजूला विनाकारण रिकामी जागा. फोर्डचा दिवंगत भागीदार आर्नल्ड त्या रिकाम्या जागेत असणार, बर्नार्डला तो दिसूच शकत नाही, आणि बर्नार्ड म्हणजे आर्नल्डचीच प्रतिकृती, असा तर्क लढवला गेला. नवव्या भागात तो खरा ठरला. बर्नार्ड लोव आणि आर्नल्ड वेबर ही दोन्ही नावं रोमन लिपीत लिहिली तर त्यांत तीच अकरा अक्षरं आहेत, फक्त क्रम वेगळा. तळघरात डोलोरेसशी बोलणारा बर्नार्ड अनेकदा बर्नार्ड नव्हताच, तो तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा आर्नल्ड होता, हेही मग उलगडलं.

चुकलेल्या थिअऱ्याही कमी नाहीत, आणि त्या सोडून देऊ नयेत. उद्यान मंगळावर किंवा दुसऱ्या कुठल्या ग्रहावर आहे, असं ठामपणे म्हणणारे बरेच होते. पाहुणे कुठून येतात, क्षितिजापलीकडे काय आहे, हे पहिल्या पर्वात दाखवलंच नव्हतं. दुसऱ्या पर्वात समुद्र दिसला, चिनी लष्कराचे अधिकारी दिसले, आणि उद्यान पृथ्वीवरच्याच एका बेटावर असल्याचं स्पष्ट झालं. फोर्ड स्वतः होस्ट आहे, किंवा पहिल्या पर्वाच्या शेवटी गोळी लागली ती त्याच्या प्रतिकृतीला, ही थिअरीही बराच काळ तग धरून होती, कारण त्याच्या तळघरात एक नवा होस्ट तयार होताना दिसला होता. फोर्ड खरोखरच मेला होता. त्याच्या मनाची नक्कल तेवढी संगणकात उरली होती.

दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात किनाऱ्यावर एक मेलेला बंगाली वाघ सापडतो. तो शेजारच्या दुसऱ्या उद्यानातून आलेला असतो. भारताच्या धर्तीवरचं एखादं उद्यान असणार, हा अंदाज लगेच बांधला गेला. तिसऱ्या भागाची सुरुवातच 'द राज' या उद्यानात होते. ब्रिटिश अमदानीतला भारत, हत्ती, शिकारीचा तंबू, पार्श्वभूमीला सतारीवर 'सेव्हन नेशन आर्मी' हे अमेरिकन रॉक गाणं. भारतीय प्रेक्षकाला हा तुकडा टोचतो आणि टोचायलाच हवा. वेस्टवर्ल्डमध्ये अमेरिकेने मूळ रहिवाशांवर केलेल्या हिंसेची मौज विकली जाते, इथे साहेबाच्या राज्याची. पाहुण्यांना इतिहासातला कोणता काळ परत हवासा वाटतो, हे मालिकेने त्या काही मिनिटांत थेट सांगितलं. तिथे भेटलेली तरुणी काळ्या पोशाखातल्या म्हाताऱ्याची मुलगी असावी, हा तर्क पुढच्याच भागात खरा ठरला.

समोरचा माणूस आहे की यंत्र, हा खेळ 'वेस्टवर्ल्ड'ने सुरू केला नाही. रिडली स्कॉट यांच्या १९८२ च्या 'ब्लेड रनर' चित्रपटात पळालेल्या कृत्रिम माणसांची शिकार करणारा डेकार्ड स्वतःच कृत्रिम आहे का, यावर चाळीस वर्षं वाद चालू आहे. १९९२ च्या आवृत्तीत स्कॉट यांनी डेकार्डला एकशिंगी घोड्याचं स्वप्न पडताना दाखवलं, आणि शेवटी त्याच्या दाराशी सापडणाऱ्या कागदी एकशिंगी घोड्याला एकदम नवा अर्थ आला. त्याची स्वप्नं दुसऱ्या कोणाला ठाऊक आहेत, म्हणजे ती कोणीतरी घातलेली आहेत. स्कॉट यांच्या मते डेकार्ड कृत्रिम आहे, ती भूमिका करणाऱ्या हॅरिसन फोर्ड यांना ते बरीच वर्षं मान्य नव्हतं. पुढे 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' मालिकेत माणसांसारखे दिसणारे बारा प्रकारचे सायलॉन आले. त्यांतले पाच कोण, हे गुपित होतं. चार २००७ मध्ये उघड झाले, पाचवी व्यक्ती थेट २००९ मध्ये. प्रेक्षकांनी जुने भाग पुन्हा पुन्हा पाहून पुरावे शोधले. पण ती नावं लेखकांनी मालिका बरीच पुढे गेल्यावर ठरवली होती, हे निर्माते रोनाल्ड मूर यांनीच सांगितलं आहे. म्हणजे सुरुवातीच्या भागांत शोधायला काही नव्हतंच.

'वेस्टवर्ल्ड'चा मोठेपणा याच ठिकाणी आहे. तिच्या पहिल्या पर्वात खुणा खरोखर पेरलेल्या होत्या. रहस्यकथा लिहिणाऱ्या रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये गुप्तहेरकथेचे दहा नियम मांडले होते. गुप्तहेराला मिळालेला प्रत्येक धागा वाचकालाही तत्काळ मिळाला पाहिजे, हा त्यांतलाच एक. जी कथा हा नियम पाळते, ती कोणीतरी आधी ओळखणारच. पूर्वी असा चाणाक्ष वाचक घरी एकटाच खूश व्हायचा. आता लाखो लोक एकाच रात्री तोच भाग पाहतात, आणि त्यांतल्या एकाला दिसलेलं बोधचिन्ह सकाळपर्यंत सगळ्यांपर्यंत पोचलेलं असतं.

आधी कळल्याने मजा जाते का? सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या जोनाथन लेव्हिट आणि निकोलस क्रिस्टेनफेल्ड यांनी २०११ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी बारा लघुकथा वाचकांना दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून आणि काहींना न सांगता. शेवट ठाऊक असलेल्यांना कथा सरासरीने अधिक आवडल्या. नंतरच्या काही संशोधकांना याच्या उलट निष्कर्षही मिळाले, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. पण विल्यमच्या बाबतीत एवढं नक्की म्हणता येतं, की ओळखणाऱ्यांना एक निराळी गोष्ट पाहायला मिळाली. पांढरी टोपी घातलेला हा मुलगा पुढे काय होणार आहे, हे ठाऊक असताना त्याचं डोलोरेसवर जडलेलं प्रेम पाहणं फार क्लेशदायक आहे. उत्तर न कळलेल्यांना तेच क्लेश मालिका दुसऱ्यांदा पाहतानाच मिळाले.

निर्मात्यांनी हे असं घेतलं नाही. २०१७ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात जोनाथन नोलन म्हणाले, की पुढच्या पर्वातलं एक वळण प्रेक्षकांनी आधीच ओळखल्यामुळे ते बदलतो आहोत. एप्रिल २०१८ मध्ये दोघांनी जाहीर केलं, की पुरेशा लोकांनी पाठिंबा दिला तर दुसऱ्या पर्वाची सगळी रहस्यं उघड करणारी चित्रफीत प्रसिद्ध करू. पाठिंबा लगेच मिळाला. चित्रफीत आली. सुरुवातीला खऱ्या भागासारखी भासणारी, मग डोलोरेसची भूमिका करणाऱ्या इव्हान रेचल वूड एक जुनं पॉप गाणं गाऊ लागतात, आणि उरलेली वीसेक मिनिटं पियानोसमोर बसलेला एक कुत्रा दिसत राहतो. चाहत्यांनी या थट्टेची मनापासून मजा घेतली.

दुसऱ्या पर्वात काळाची गुंतागुंत मात्र इतकी वाढली, की बर्नार्ड कोणत्या दिवशी कुठे आहे हे पाहण्यासाठी लोकांना तक्ते करावे लागले. चाहत्यांनी तेही केलं. काही प्रसंगांत पडद्याच्या वर-खाली काळे पट्टे येतात आणि चित्र अधिक रुंद होतं, आणि असे प्रसंग प्रत्यक्षात नसून संगणकातल्या आभासी जगात घडतात, हे त्यांनी हेरलं. तिसऱ्या पर्वात मेव्ह नावाची होस्ट महायुद्धकाळातल्या इटलीत दिसते, तेव्हा हे पट्टे पाहणाऱ्यांना ते जग खोटं आहे हे मेव्हच्या आधी कळलं. पण सामान्य प्रेक्षक दमला. उत्तर ओळखता येऊ नये म्हणून वाटा अवघड केल्या, की ज्याला फक्त गोष्ट हवी आहे तो आधी वाट चुकतो. दुसऱ्या पर्वाचा सर्वाधिक वाखाणला गेलेला आठवा भाग, 'किक्सुया', याची साक्ष देतो. झान मॅक्लार्नन यांनी साकारलेला अकेचिता आपल्या हरवलेल्या पत्नीला शोधत वर्षानुवर्षं भटकतो. संवाद बहुतांशी लकोटा भाषेत. कोडं जवळजवळ नाहीच. एक होस्ट आपली कहाणी क्रमाने सांगतो, आणि ती ऐकताना ताडण्यासारखं काही उरत नाही.

मालिका पुढे उद्यानाबाहेर गेली. चौथं पर्व १४ ऑगस्ट २०२२ रोजी संपलं, ४ नोव्हेंबरला एचबीओने मालिका बंद केल्याची बातमी आली, आणि पाचवं पर्व कागदावरच राहिलं. डिसेंबरमध्ये ती एचबीओ मॅक्सवरूनही काढली गेली. त्यामुळे एक जुनं कोडं अधांतरी राहिलं आहे. दुसऱ्या पर्वाच्या श्रेयनामावलीनंतर एक प्रसंग येतो. काळ्या पोशाखातला विल्यम उद्ध्वस्त झालेल्या फोर्ज या तळघरात पोचतो आणि त्याची मेलेली मुलगी त्याची परीक्षा घेते. तो स्वतः आता प्रतिकृती आहे आणि मूळ विल्यमशी किती जुळतो, हे ती तपासते आहे. हा प्रसंग फार दूरच्या भविष्यातला, असं लिसा जॉय यांनी सांगितलं होतं, पण पुढच्या दोन पर्वांत कथा तिथवर पोचलीच नाही.

चौथ्या पर्वाच्या शेवटी माणूसजात संपत आलेली आहे, आणि संगणकातल्या जगात उरलेली डोलोरेस स्वीटवॉटर पुन्हा उभं करून माणसांची एक अखेरची परीक्षा घ्यायचं ठरवते. हे दोन प्रसंग एकाच धाग्याचे असावेत, विल्यमची परीक्षा म्हणजे डोलोरेसच्या त्या परीक्षेचाच एक भाग असावा, असं अनेक चाहते मानतात. उपलब्ध थिअऱ्यांमध्ये हीच सर्वात पटण्यासारखी आहे. दोन्ही प्रसंगांत परीक्षा घेणारे होस्ट आहेत आणि द्यायची आहे ती माणसाच्या स्मृतीतून घडवलेल्या प्रतिकृतीला, म्हणजे पहिल्या पर्वातल्या आर्नल्ड-डोलोरेसच्या बैठकींची नेमकी उलट बाजू. अडचण एकच आहे. विल्यमचा प्रसंग प्रत्यक्ष जगातल्या भग्न इमारतीत घडतो आणि डोलोरेसचं स्वीटवॉटर संगणकात आहे. ती इमारतही आभासीच असेल, तर त्या प्रसंगात काळे पट्टे का नाहीत, याचं समाधानकारक उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.